मुलगा घरी तबल्याला बसतच नाही: आईबाबांनी नेमकं करायचं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा तिसरीत, नऊ वर्षांचा, जूनपासून आठवड्यातून दोनदा तबल्याच्या क्लासला जातोय, क्लासमध्ये खूश असतो पण घरी तबल्याला हात लावत नाही, रोज संध्याकाळी त्यावरून रडारड, घरात कोणालाच संगीतातलं कळत नाही, सर म्हणतात घरी रियाज करून घ्या, आणि शेजारचे म्हणतात परीक्षेला बसवा म्हणजे आपोआप करेल. तर जबरदस्ती करायची की बंद करायचं, आणि परीक्षेचं काय.

मी तबला शिकवते, बरीच वर्षं झाली, आणि विद्यार्थी बहुतेक शाळकरीच, पहिली-दुसरीपासून दहावीपर्यंतचे. हा प्रश्न दिवाळीच्या आसपास हमखास येतो, कारण जूनमध्ये नाव घातलेलं असतं, गणपतीपर्यंत उत्साह टिकतो, मग सहामाही येते आणि गाडी अडते. म्हणून आधी हे सांगते की तुमच्या मुलात काही कमी नाहीये. क्लासमध्ये खूश असतो ना, मग सगळ्यात अवघड गोष्ट झालेली आहे. ज्या मुलाला वाद्यच आवडत नाही ते क्लासच्या दारातच पोट दुखतंय म्हणतं.

आता घरी का बसत नाही ते बघा. क्लासमध्ये लेहरा, म्हणजे ताल धरायला पुन्हा पुन्हा वाजणारी धून, चालू असतो, बाजूला चार मुलं वाजवत असतात, समोर सर असतात, चुकलं तर लगेच कोणीतरी बघतं, बरोबर आलं तरी कोणीतरी बघतं. घरी काय असतं? तबला कव्हरमध्ये बांधून कपाटावर किंवा पलंगाखाली, आणि "जा, आत जाऊन रियाज कर" एवढं एक वाक्य. नऊ वर्षांच्या मुलाला आत जाऊन नेमकं काय करायचं तेच माहीत नसतं हो. त्याला "धा धा ते टे" चा कायदा, म्हणजे ठरलेल्या बोलांची रचना, दिलाय, दोन वेळा वाजवून झाला, तीन मिनिटं गेली, आता पुढे काय? मग तो बाहेर येतो, तुम्ही म्हणता एवढ्यात झालं?, आणि भांडण सुरू. यात आळशीपणा वगैरे काही नाही, रियाज कसा करायचा हेही शिकवावं लागतं, आणि ते मोठ्यांपैकी कोणीच शिकवलेलं नसतं, शिक्षकांनीही नाही आणि घरच्यांनीही नाही. सरांना स्पष्ट विचारा की "करून घ्या म्हणजे नेमकं काय करून घेऊ, किती वेळा, कुठल्या लयीत", आणि ते वहीत लिहून द्या म्हणावं. चांगला शिक्षक या प्रश्नाने खूश होईल.

माझं मत विचाराल तर वाजवणं हे मुलाचं काम, चूक सुधारणं हे सरांचं काम, आणि घरात त्या वाद्याला जागा, वेळ, ऐकणारं माणूस आणि काहीतरी उपयोग मिळवून देणं हे तुमचं काम. यातलं एकही करायला संगीत कळावं लागत नाही. उलट मी असं बघितलंय की ज्या घरात कोणीतरी थोडंसं शिकलेलं असतं तिथे जास्त गोंधळ होतो कारण ते सारखे मधे सुधारायला जातात.

जागेपासून सुरू करा. तबला आणि डग्गा (डाव्या हाताचा) कव्हरमधून बाहेर, चुंबळीवर ठेवलेला, वर नुसती कापडी गादी किंवा रुमाल, हॉलच्या एका कोपऱ्यात सतरंजीवर कायमचा मांडलेला. टीव्हीसमोर नको आणि खिडकीच्या उन्हातही नको. बसायला तीस सेकंद लागायला हवेत, तबला काढा, चेन उघडा, हातोडी शोधा यात पाच मिनिटं गेली की मुलाचा मूड जातो. लहान घर असेल तर अडचण होते हे मला माहीत आहे, वन बीएचकेमध्ये सहा माणसं राहणारी कुटुंबं माझ्याकडे आहेत, त्यांनी सुद्धा शोकेसखालचा कप्पा रिकामा करून ते जमवलंय.

वेळेचं म्हणाल तर दहा मिनिटं. खरंच दहाच, पण आठवड्यातले सहा दिवस. रविवारी एक तास बसवून काही होत नाही, तळहात आणि बोटं रोज थोडं थोडं शिकतात, एका दिवसात तासभर वाजवून फक्त बोट दुखतं आणि नावड तयार होते. दहा मिनिटं कमी वाटतात का? हिशोब करून बघा, मात्रा म्हणजे तालाचा एक ठोका, मिनिटाला 60 मात्रांच्या लयीत तीनतालाचं 16 मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे एक पूर्ण फेरी, 16 सेकंदांत होतं, म्हणजे दहा मिनिटांत 37 आवर्तनं. एका नवीन पलट्याची, म्हणजे कायद्यातलेच बोल फिरवून केलेल्या प्रकाराची, 37 आवर्तनं रोज झाली तर पुढच्या क्लासला सर स्वतःहून विचारतील की घरी काय केलंत. वेळ मात्र रोजच्या कुठल्यातरी ठरलेल्या गोष्टीला चिकटवा, शाळेतून आल्यावर खाणं झालं की लगेच, किंवा सकाळी आंघोळीच्या आधी. गृहपाठ, ट्यूशन, खेळ सगळं आटोपून रात्री साडेआठला नका ठेवू, त्या वेळी मूल थकलेलं असतं, तुम्हीही थकलेले असता, आणि तुमची रोजची रडारड नक्की त्याच वेळची असणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं, त्या दहा मिनिटांत तुम्ही त्याच्याजवळ बसा. मोबाईल न घेता. आणि बसून काय करायचं तर टाळी द्यायची. तीनताल असा आहे: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली, म्हणजे टाळी न वाजवता हात बाजूला उलटा करायचा. हे शिकायला मोठ्या माणसाला पंधरा मिनिटं लागतात, आणि शिकवायला तुमच्या मुलालाच सांगा. हे मी मुद्दाम सांगते कारण ज्या दिवशी मूल आईला किंवा आजोबांना टाळी शिकवतं त्या दिवशी त्याचा ताल पक्का व्हायला लागतो, आणि घरात तबल्यातलं सगळ्यात जास्त कळणारा माणूस आपण आहोत हे त्याला समजतं, त्याने जो फरक पडतो तो कुठल्याही बक्षिसाने पडत नाही. तो वाजवतोय, तुम्ही टाळी देताय, दोघं एकत्र समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येताय, बास, एवढंच. माझ्याकडे एका मुलीचे आजोबा होते, जन्मभर बँकेत नोकरी केलेले, संगीताशी काही संबंध नाही, ते रोज तिच्यासमोर पाटावर बसून टाळी द्यायचे, वर्षभरात त्यांना झपताल आणि रूपक सुद्धा यायला लागला आणि नातीचं बसणं एक दिवस चुकलं नाही.

पढंत पण याच कामाची आहे. पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, हाताने टाळी देत. तबल्याशिवाय करता येते त्यामुळे स्कूटरवर, रिक्षात, लिफ्टची वाट बघताना कुठेही चालते. जे तोंडात स्वच्छ आहे तेच हातात स्वच्छ येतं, हे तबल्यातलं प्रत्येक घराणं मानतं. घरी पाहुणे आहेत, शेजारी कोणी आजारी आहे, परीक्षा चालू आहे, अशा दिवशी वाजवू नका, नुसती पढंत करा, तोही रियाजच आहे.

हात सुधारायला मात्र जाऊ नका. "ते टे" हे साधे दोन बोल घ्या, दिल्ली पद्धतीत मधल्या बोटाने आणि तर्जनीने वाजतात, दुसरीकडे पहिल्या अक्षराला दोन-तीन बोटं एकत्र पडतात. दोन्ही बरोबर आहेत. तुम्ही यूट्यूबवर एक व्हिडिओ बघणार, त्यात वेगळं दिसणार, आणि मुलाला सांगणार की तुझं चुकतंय, झालं, आता त्याचा सरांवरचाही विश्वास डळमळला आणि तुमच्यावरचाही. ताल लिहायच्या लिपीचंही तसंच. पलुस्कर पद्धतीत समेला 1 आणि खालीला अधिकचं चिन्ह असतं, भातखंडे पद्धतीत समेला गुणिलेची फुली आणि खालीला शून्य. एक पुस्तक एका पद्धतीचं, दुसरं दुसऱ्या, आणि पालक घाबरून मेसेज करतात की वहीत चुकीचं लिहिलंय. शंका असेल तर सरांना बाजूला विचारा, मुलासमोर नको.

तुम्हाला न शिकता दिसू शकणारी एक गोष्ट आहे, ती नक्की बघा, ती म्हणजे त्याचं शरीर. खांदे वर चढलेत का, पाठ वाकलीय का, श्वास रोखून वाजवतोय का, ओठ दाबलेत का. लहान मुलांना मोठ्यांचा डग्गा उंच पडतो, मग डावा खांदा कानाला लागायला येतो आणि मनगट अवघडतं, अशा वेळी चुंबळ बदलून किंवा मुलाखाली घडीची सतरंजी देऊन उंची जमवता येते. पाय बधिर झाले तर उठून चालू द्या, पुन्हा बसेल. मनगट किंवा कोपर दुखतंय असं दोन-तीनदा म्हणाला तर त्याला बहाणा समजू नका, सरांना सांगून हात बघायला लावा.

वेगाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. पालकांना फास्ट वाजवलेलं आवडतं. मुलगा नीट, संथ, स्वच्छ "धा" वाजवत असतो तेव्हा कोणी बघत नाही आणि धडाधड काहीतरी वाजवलं की सगळे मोबाईल काढतात, आत्याला पाठवतात, फॅमिली ग्रुपवर टाकतात. मूल हुशार असतं, त्याला कळतं की कौतुक कशाला मिळतं. मग क्लासमध्ये मी विलंबित, म्हणजे संथ, लय दिली की त्याला कंटाळा येतो. तबल्यात लय धरून ठेवणं हे वेगापेक्षा कितीतरी अवघड आहे, एकाच लयीत पाच मिनिटं नुसता ठेका, म्हणजे तालाचे मूळ बोल, वाजवून दाखव म्हटलं तर चांगली चार-पाच वर्षं शिकलेली मुलं पण पुढे पळतात. म्हणून घरी लेहऱ्याचं ॲप लावा, फुकटची सुद्धा चालतात, लय सरांनी सांगितलेलीच ठेवा आणि ती वाढवायची की नाही हे सरांना ठरवू दे. आणि कौतुक करायचंच तर "आज सम एकदाही चुकली नाही" याचं करा, टाळी तुम्हीच देत होता त्यामुळे ते तुम्हाला खरंच कळलेलं असेल, उगाच "वा छान" पेक्षा मुलांना हे जास्त आवडतं.

आता उपयोगाचं. हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा आहे. आळंदीला बघा, जोग महाराजांनी 1917 मध्ये वारकरी शिक्षण संस्था काढली, आज आळंदीत खेड्यापाड्यातून आलेली मुलं राहून पखवाज शिकतात, आईवडील लांब गावी, रियाजाला बसवायला जवळ कोणी नाही, आणि तरी ती मुलं काय वाजवतात! कारण शिकलेलं तिथे कामाला येतं, हरिपाठ आहे, भजन आहे, कीर्तनाच्या मागे उभं राहायचंय, पखवाज वाजला नाही तर अडतं. गोव्यात चवथीला घरोघरी घुमट हे मातीचं तालवाद्य वाजतं, पोरं क्लासला न जाता मोठ्यांच्या बाजूला उभी राहून शिकतात, आरतीला कोणीतरी वाजवायला हवंच असतं. फ्लॅटमधल्या मुलाचा तबला मात्र फक्त क्लाससाठी असतो, घरात कोणाला त्याची गरजच नाही. तर गरज तयार करा. घरात आठवड्यातून एक दिवस आरती किंवा एखादं साधं भजन सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि त्याने केहेरवा वाजवायचा, आठ मात्रांचा आहे, मुलांना लवकर येतो, दादरा तर सहाच मात्रांचा. देवधर्माचं नको असेल तर बडबडगीतं म्हणा, भावगीतं म्हणा, धाकट्या बहिणीला शाळेत शिकवलेली कविता म्हणा, सूर लागला नाही तरी चालेल. सोसायटीच्या गणपतीत आरतीला बसवा, आजीच्या भजनी मंडळात एक दिवस घेऊन जा, तिथल्या बायका ज्या प्रेमाने मुलाला सांभाळून घेतात ते मी डोळ्यांनी बघितलंय. साथ करताना गाणारं माणूस पुढे-मागे होतं, त्याला धरून राहायचं, हे एकट्याने रियाज करून येत नाही, आणि त्यात मजा फार आहे.

जपानमध्ये शिनिची सुझुकी यांनी लहान मुलांना व्हायोलिन शिकवायची जी पद्धत बसवली तिच्यात पालकाने क्लासला बसायचं, आधी स्वतः थोडं वाजवायला शिकायचं आणि घरी शिक्षकाचं काम पुढे चालवायचं अशी अपेक्षा असते. आपल्याकडे दोघं नोकरी करणारे आईबाबा एवढं करू शकतील असं मी म्हणणार नाही, पण महिन्यातून एकदा तरी सरांच्या परवानगीने क्लासमध्ये मागे गप्प बसून बघा. तुमच्या मुलाला काय येतं यापेक्षा सर त्याच्याशी कसं बोलतात ते तुम्हाला कळेल, आणि घरी त्याच शब्दांत बोलता येईल. परदेशातून ऑनलाइन शिकणाऱ्या मराठी मुलांच्या आईबाबांना तर हे रोजच करावं लागतं, कॅमेरा दोन्ही हातांवर लावायचा, आवाज मागे-पुढे येतो त्यामुळे सरांबरोबर एकत्र वाजवता येत नाही, मग टाळी द्यायला समोर घरचंच माणूस लागतं.

वाद्याची काळजी ही पूर्णपणे तुमची जबाबदारी समजा. सुराला उतरलेला, भद्द वाजणारा तबला असेल तर कुठलं मूल बसेल? पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो, एसीत किंवा उन्हाळ्यात कोरडं होऊन चढतो. गजऱ्यावर, म्हणजे चामड्याच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर, वरून हातोडीने ठोकलं की सूर चढतो आणि खालून ठोकलं की उतरतो, जास्त फरक असेल तर वाद्यांखाली बसवलेले लाकडी गठ्ठे सरकवावे लागतात, पण हे सरांकडून दोन-तीनदा बघून घेतल्याशिवाय करू नका आणि मुलाच्या हातात हातोडी तर देऊच नका, एक फटका चाटेवर, म्हणजे चामड्याच्या काठावर, पडला की पुडी, म्हणजे वरचं सगळं चामडं, गेली. खाऊन आल्यावर हात धुऊन, कोरडे करून बसायचं, तेलकट आणि ओल्या हाताने शाई (मधला काळा गोल) खराब होते, घाम येत असेल तर थोडी पावडर लावायची. नवीन घेताना ऑनलाइन दिसणारा स्वस्त जोड शक्यतो नका घेऊ, हलका डग्गा वाजवताना सरकत राहतो आणि त्यातून "घे" निघतच नाही, मुलाला वाटतं आपलंच चुकतंय. सरांना दुकानात बरोबर न्या किंवा त्यांच्या ओळखीच्या कारागिराकडून घ्या, चांगल्या खोडाचा जुना जोड नवीन पुडी घालून मिळाला तर नव्या स्वस्त जोडापेक्षा कधीही बरा.

एक विषय निघालाय म्हणून बोलते, मुलींना तबल्याला घालायला अजूनही घरचे कचरतात, गाणं किंवा कथक शिकव म्हणतात. डॉ. आबान मिस्त्री यांनी मुंबईत स्वतंत्र तबलावादन केलं त्याला आता किती दशकं झाली. तुमच्या मुलाला बहीण असेल आणि ती बाजूला बसून बोल पाठ करत असेल तर तिलाही बसवा.

जबरदस्ती की नाही, याचं उत्तर माझ्याकडून असं. बसायचं की नाही याची चर्चा रोज करू नका, दात घासण्यावर आपण चर्चा करतो का? दहा मिनिटं बसायचंच. पण त्या दहा मिनिटांत काय वाजवायचं यातलं अर्धं त्याला ठरवू द्या, पाच मिनिटं सरांनी दिलेलं आणि पाच मिनिटं त्याच्या मनाचं, मग ते टीव्हीवरच्या जाहिरातीचं म्युझिक का असेना. ओरडणं नाही, "एवढी फी भरतोय" नाही, शेजारच्या मुलाशी तुलना नाही, आणि शिक्षा म्हणून तबला कधीच नाही. "अभ्यास केला नाहीस, आता क्लास बंद" हे पण नाही, कारण मग क्लास ही काढून घ्यायची चैन ठरते. असं तीन-चार महिने मनापासून करून बघा. त्यानंतरही तो क्लासलासुद्धा नको म्हणायला लागला तर वाद्य बदलून बघा, काही मुलांना सुरात जास्त गोडी असते, त्यांना हार्मोनियम आवडते, बासरी लहान बोटांना पुरेल अशी चढ्या सुराची आखूड घ्यावी लागते, व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण अशा मापात मिळतं. तालाचा केलेला अभ्यास कुठेही वाया जात नाही. आणि शिक्षक मारत असतील, सगळ्यांसमोर अपमान करत असतील तर मात्र तीन-चार महिने थांबू नका, त्याच दिवशी क्लास सोडा, गुरूचा मार खाल्ल्याशिवाय विद्या येत नाही हे मला अजिबात मान्य नाही.

आता परीक्षा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे बहुतेक क्लास देतात, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या आहेत, आणि वर्षातून दोन सत्रं होतात, एक उन्हाळ्यात एप्रिल-मेच्या सुमारास आणि एक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. परीक्षा वाईट नाहीत, त्याने अभ्यासाला आकार येतो, अनोळखी माणसासमोर वाजवायची भीती जाते. पण रियाज होत नाही म्हणून परीक्षेला बसवणं हे उलटं आहे. मग दोन महिने फक्त अभ्यासक्रमातले ताल घोकले जातात, सर्टिफिकेट येतं, आणि पुढच्या परीक्षेच्या फॉर्मपर्यंत तबला पुन्हा कव्हरमध्ये. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात म्हणून काही पालक दरवर्षी एक परीक्षा उरकायची घाई करतात आणि मुलं आठवीपर्यंत भरपूर सर्टिफिकेटं जमवतात पण आरतीला धड साथ करता येत नाही. गुणांचे नियम शाळेत विचारून घ्या, नववीत विचारलं तर उशीर होतो, पण तिसरीतल्या मुलासाठी आज त्याचा विचारही नको. आठवी-नववीत ट्यूशन वाढली की बरेच जण क्लास पूर्ण बंद करतात, तुम्ही तेव्हा आठवड्याचे दोन तास एकावर आणा पण घरची दहा मिनिटं चालू ठेवा, दहावीचं वर्ष असं निभावलेली मुलं कॉलेजमध्ये परत जोमाने येतात आणि पूर्ण सोडलेली फार थोडी परत येतात.

तुमच्या मुलाला उन्हाळ्याच्या सत्राला बसवू नका. आधी घरचं बसणं लागू दे. तीनताल, केहेरवा आणि दादरा हे तीन ठेके तो लेहऱ्यावर न अडखळता, तुमच्या टाळीवर, दुगुनीसकट, म्हणजे दुप्पट लयीतही, वाजवायला लागला की मग सरांना विचारा, ते हो म्हणाले तर वर्षअखेरच्या सत्राचा फॉर्म भरा, नाही म्हणाले तर आणखी सहा महिने थांबा.